तीन माग कुणाच्या हिशेबाने?

कापडाच्या गिरणीतला सगळ्यात महागडा निर्णय लूम खात्यात होत नसे. तो कापूस घेताना होई. कुठल्या गाठी उचलायच्या, लांब तंतूच्या कापसात आखूड तंतूचा किती मिसळायचा, हे ठरवणारी दोन-तीन माणसं गिरणीच्या आवाजापासून लांब बसत. तिथे वाचवलेला पैसा पंधरा दिवसांनी रिंग खात्यात तुटक्या धाग्याच्या रूपाने दिसे, आणि आणखी काही दिवसांनी मागावर. तिथे उभा असलेला विणकर घाम पुसत धागे सांधत राही आणि मास्तर त्याला विचारी, उत्पादन का घसरलं?

मी परळच्या एका गिरणीत वर्क स्टडी खात्यात नोकरी केली. कामगार आम्हाला 'घड्याळवाले' म्हणत, आणि त्यात प्रेम नव्हतं. स्टॉपवॉच बसवलेली फळी छातीशी धरून मागांच्या गल्लीत उभं राहायचं आणि माणसाचे हात मोजायचे, हा आमचा धंदा. त्यामुळे गिरणगावाचा इतिहास वाचताना माझी नजर नेहमी एका ठिकाणी अडते. संप, मोर्चे, पुढारी, गोळीबार हे सगळं त्यात आहे, आणि असायलाच हवं. पण ज्या हिशेबावरून हे सगळं पेटलं तो हिशेब कुणी मांडला आणि त्यात काय धरलं नव्हतं, हे फारसं कुणी सांगत नाही.

सुरुवातीपासूनच हिशेबाची पद्धत वाकडी होती. कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ मध्ये कंपनी काढली, ताडदेवला गिरणी उभी राहिली आणि १८५६ मध्ये सूत निघू लागलं. भांडवल भागधारकांचं, कारभार मात्र मॅनेजिंग एजंटच्या पेढीकडे. आणि या एजंटांचं कमिशन? मुंबईच्या कित्येक गिरण्यांत ते सुताच्या वजनावर असे, पौंडामागे पाव आणा. नफा होवो न होवो, सूत निघालं की एजंटाचे पैसे सुटले. आता ज्याची कमाई पौंडावर आहे तो सुताच्या ताकदीची काळजी किती करील? जाडंभरडं सूत भराभर काढायचं आणि चीनच्या बाजारात पाठवायचं, हा त्या कमिशनचा सरळ परिणाम होता. व्यवस्थापनशास्त्राच्या वर्गात आज ज्याला प्रोत्साहन-रचना म्हणतात ती हीच. जमशेटजी टाटांसारख्या काहींनी नफ्यावरचं कमिशन पत्करलं, पुढे इतरही हळूहळू तिकडे वळले. पण तोवर मुंबईच्या गिरण्यांना एक सवय जडली होती: कच्च्या मालात काटकसर करायची आणि तिची भरपाई माणसाच्या हातांकडून वसूल करायची.

या हातांची व्यवस्था जॉबरकडे होती. जॉबरवर खूप लिहिलं गेलं आहे, बहुतेक शिव्याच. त्या त्याने कमावल्याही होत्या. कामाला लावताना दस्तुरी घेणं, कुणी खाडा केला तर त्याच्या जागी आलेल्या बदलीवाल्याकडून पुन्हा घेणं, व्याजाने पैसे देणं, हे सगळं खरं. बायकांच्या खात्यात हेच काम नायकीण करी. पण मॅनेजर पारशी किंवा लँकेशायरचा साहेब, विणाई मास्तर तिसराच कुणी, आणि कामगार रत्नागिरी-साताऱ्याकडचा. पहाटे भोंगा झाल्यावर किती जण आले नाहीत, दारावर उभ्या बदल्यांपैकी कोण साचा चालवू शकेल आणि कोण नुसता तोडेल, हे त्या साहेबाला कुठून कळणार? ते पाच मिनिटांत जॉबरला कळे. माग बिघडला की पान्हा घेऊन तोच आडवा होई. भरती, शिस्त, दुरुस्ती, कर्ज, गावाकडची खबर हे सगळं एका माणसात एकवटलं होतं. १९२९ साली नेमलेल्या व्हिटली यांच्या रॉयल कमिशनने १९३१ च्या अहवालात जॉबरच्या हातातून नेमणुकीचा अधिकार काढून घ्या असं सांगितलं. योग्यच सांगितलं. मात्र गिरणीत रोज सकाळी होणारे शेकडो बारके निर्णय दुसरं कोण करणार, हा प्रश्न शिल्लकच राहिला.

आता साध्या मागावर विणकर काय करायचा ते बघू, कारण पुढची सगळी भांडणं तिथे आहेत. धोट्यात आडव्या सुताची कांडी असते. ती जाड सुताची असली तर पाचेक मिनिटांत संपते. माग थांबवायचा, धोटा काढायचा, रिकामी कांडी फेकून भरलेली बसवायची. मग सुताचं टोक धोट्याच्या बारीक भोकातून बाहेर काढायचं. त्यासाठी धोटा ओठांना लावून श्वास आत ओढायचा; धागा तोंडात येतो, त्याबरोबर कापसाची धूळही. धोटा जागेवर, माग सुरू. सरावलेला हात हे दहा सेकंदांत करतो. दोन माग असले तर तासाला चोवीस वेळा, तीन असले तर छत्तीस वेळा.

हे झालं ठरलेलं काम. न ठरलेलं काम म्हणजे उभा धागा तुटणं. जुन्या मागाला धागा तुटला हे कळत नसे. तो आपला विणतच राही आणि कापडात चीर पडल्यासारखी रेघ येई. विणकराने ती बघायची, माग थांबवायचा, हजारो धाग्यांतून तुटलेला शोधायचा, जोडसूत घेऊन गाठ मारायची, वईच्या डोळ्यातून आणि फणीच्या घरातून ओवून घ्यायचा. गाठ मारायला तीन सेकंद लागतात. धागा सापडायला किती लागतील याचा नेम नाही. बघायला उशीर झाला तर विणलेलं उसवावं लागतं. आणि इकडे हा एका मागावर वाकलेला असताना दुसऱ्या मागाची कांडी संपलेली असते. तो माग नुसता उभा. मागांची संख्या वाढली की हे उभं राहणं सरळ पटीत वाढत नाही, त्याहून जास्त वेगाने वाढतं. आणि धागे जास्त तुटत असतील तर आणखीच. अनेक यंत्रं सांभाळणाऱ्या एका माणसाच्या या कोंडीचं गणित इंग्लंडमध्ये ॲशक्रॉफ्टने १९५० साली तक्त्यांसकट मांडलं. परळच्या विणकराला ते त्याआधीच पाठ होतं, फक्त त्याच्याकडे तक्ता नव्हता.

त्या धोटा ओढण्याची आणखी एक बाजू आहे, आणि ती सोडून गिरणीतल्या 'कार्यक्षमते'वर बोलणं मला अप्रामाणिक वाटतं. सुताला ओठ लागतात, थुंकी लागते, म्हणून अस्पृश्य मानलेल्या कामगारांना लूम खात्यात सवर्ण कामगार शिरू देत नसत. लूम खातं म्हणजे गिरणीतलं चांगल्या पगाराचं खातं. मालकांनीही त्यात हात घातला नाही. खात्याचं काम सुरळीत चालतंय ना, मग कशाला? डॉ. आंबेडकरांनी १९२८ च्या संपाच्या वेळी हा प्रश्न लावून धरला तेव्हा संपनेत्यांना तो मागण्यांत घ्यावा लागला, काहीशा अनिच्छेनेच. कोण कुठल्या यंत्रावर उभा राहील हा निर्णय कुठल्याच कागदावर नव्हता, आणि तरी सगळ्या कागदांपेक्षा पक्का होता.

पहिल्या महायुद्धानंतरची भरभराट ओसरली आणि मुंबई अडचणीत आली. चीनचं सूत-मार्केट गेलं होतं, जपानचं कापड इथे येऊ लागलं होतं. १९२५ मध्ये मालकांनी पगारात साडेअकरा टक्के कपात जाहीर केली, मोठा संप झाला. शेवटी सरकारने कापडावरची साडेतीन टक्के जकात उठवली तेव्हा कपात मागे गेली. मग टॅरिफ बोर्ड बसलं. मालकांनी संरक्षण मागितलं. बोर्डाने त्यांना आधी घर सुधारायला सांगितलं. तेव्हापासून 'रॅशनलायझेशन' हा शब्द गिरणगावात घरोघरी गेला. टेलरचं शास्त्रीय व्यवस्थापनावरचं पुस्तक १९११ चं. मुंबईत ते सिद्धांत म्हणून आलं नाही, आकडा म्हणून आलं: लँकेशायरचा विणकर चार माग बघतो, जपानी त्याहून जास्त, आणि मुंबईचा दोनच. तर मुंबईच्याने निदान तीन बघावेत.

पुढाकार ई. डी. सासून यांच्या गिरण्यांनी घेतला. ऑगस्ट १९२७ मध्ये अपोलो आणि मँचेस्टर या गिरण्यांत तीन मागांची पद्धत आणली तेव्हा विणकरांनी काम बंद केलं. रिंग खात्यात एका बाजूऐवजी दोन बाजू सांभाळण्याचा हुकूम आला. दर माणसामागे पगार वाढणार होता, हे मालकांचं म्हणणं खोटं नव्हतं. तीनातला एक माणूस घरी जाणार होता, हे कामगारांचं म्हणणंही खोटं नव्हतं.

पण मालकांनी केलेल्या तुलनेतच खोट होती. लँकेशायरचा विणकर चार माग बघे ते अमेरिकन कापसाच्या सुतावर आणि दमट हवेत. जपानी गिरण्या तर कापसाच्या मिसळणीत आपल्या लोकांच्या कितीतरी पुढे होत्या. आणि तोयोदांनी १९२४ मध्ये जो स्वयंचलित माग आणला, तो धागा तुटला की आपोआप थांबत असे. म्हणजे जपानी कामगाराने नजर ठेवायची नव्हती, ते काम मागाकडे दिलेलं होतं. लँकेशायरच्या प्लॅट कंपनीने १९२९ मध्ये त्याचे हक्क विकत घेतले. याच तोयोदांच्या कापडगिरणीत १९३२ साली ताइइची ओनो नावाचा तरुण नोकरीला लागला, ज्याच्या मोटार-कारखान्यातल्या पद्धती आज आपल्या पोरांना फी भरून शिकाव्या लागतात. मुंबईच्या मालकांनी जपानकडून उचललं काय, तर मागांची संख्या. माग जुनेच, कापूस स्वस्तातलाच. आणि ज्या लँकेशायरचा दाखला दिला जात होता तिथल्या विणकरांनी, चारऐवजी आठ माग म्हटल्यावर १९३१ मध्ये काय केलं? तेही कामावरून उठले.

सदोष कापडाची वाट लावण्याची पद्धत तर या सगळ्यावर कडी होती. डाग पडलेलं, रेघ आलेलं कापड विणकराच्या गळ्यात मारायचं आणि त्याची किंमत पगारातून कापायची. सूत खराब का निघालं याचा तपास मागे मिसळणीपर्यंत न्यायची गरजच उरत नाही; खराब कापडाचं नुकसान ज्याच्या अंगावर पडतं तो निर्णयाच्या साखळीत सगळ्यात शेवटी. माझ्या मते संपूर्ण व्यवस्थेतली सर्वांत वाईट तरतूद ही. मालक लबाड होते म्हणून नव्हे. त्यांना स्वतःची चूक कळण्याची वाटच त्यांनी बुजवून टाकली म्हणून.

एप्रिल १९२८ मध्ये सार्वत्रिक संप झाला तो ऑक्टोबरपर्यंत चालला. दीड लाखाच्या आसपास कामगार बाहेर. ना. म. जोशींसारखे नेमस्त आणि डांगे, निंबकर, मिरजकर यांच्यासारखे कम्युनिस्ट एका समितीत बसले. अर्जुन आत्माराम आळवे आणि कासले हे खुद्द गिरणीतले. मागण्यांच्या यादीत खराब कापड गळ्यात मारण्याची पद्धत बंद करा हेही होतं. संप मिटला तो न्यायमूर्ती फॉसेट यांच्या समितीवर. समितीपुढच्या साक्षी हे खरं तर मराठी माणसाने वाचावं असं व्यवस्थापनाचं पाठ्यपुस्तक आहे. एका बाजूला सासून गिरण्यांचे स्टोन्स यांच्यासारखे तज्ज्ञ, दुसऱ्या बाजूला साच्यावरून उठून आलेले लोक. आणि वाद कशावर, तर किती नंबरच्या सुताला किती माग. समितीने १९२९ च्या मार्चमध्ये निकाल दिला: कार्यक्षमतेची योजना तत्त्वतः गैर नाही, पण अटी पाळा. त्याच महिन्यात कम्युनिस्ट पुढाऱ्यांवरच्या मीरत कटाच्या खटल्यासाठी धरपकड झाली आणि कामगारांच्या बाजूने हे बारकावे बोलू शकणारी बरीचशी माणसं तुरुंगात गेली.

यानंतरची वीस-पंचवीस वर्षं निर्णय कागदावर आणण्यात गेली. १९३४ च्या कायद्याने सरकारी लेबर ऑफिसर आला. १९३५ मध्ये मालक संघाने बदली कंट्रोल सुरू केलं, बदल्यांना कार्डं दिली. १९४७ च्या निवाड्याने किमान मूळ पगार २६ दिवसांचा तीस रुपये ठरवला आणि खात्या-खात्यांचे दर एका साच्यात बसवले. १९५० मध्ये बदल्यांची भरती नियमित करणारी डिकॅज्युअलायझेशन योजना आली. जॉबरची दस्तुरी यांत बऱ्यापैकी मोडली. त्याचं खात्यावरचं वजन मात्र मोडलं नाही, कारण बिघडलेला माग आणि न आलेला माणूस हे दोन्ही रोजचेच होते.

हे रोजचे निर्णय कुणी करायचे, याचं वेगळं उत्तर जिथे शोधलं गेलं त्या अहमदाबादकडे आता वळतो. लंडनच्या टॅव्हिस्टॉक संस्थेचा ए. के. राइस १९५३ मध्ये गौतम साराभाईंच्या कॅलिको गिरणीत आला. तिथे नवे स्वयंचलित माग बसवले होते आणि उत्पादन काही वर जात नव्हतं. राइसने पाहिलं: २२४ माग, २९ माणसं, बारा प्रकारची कामं. विणकराकडे चोवीस ते बत्तीस माग. मागाची बॅटरी, म्हणजे भरलेल्या कांड्यांचा साठा, भरणाऱ्याकडे चाळीस-पन्नास. मोठी तूट सांधणाऱ्याकडे त्याहून जास्त. कामाच्या अभ्यासाने प्रत्येकाचा बोजा अलगअलग काढला होता, त्यामुळे सीमा कुठेच जुळत नव्हत्या. माझा माग थांबला तर मी कुणाला हाक मारायची, आणि तो माझी हाक आधी ऐकेल की पलीकडच्याची? अशी ती शेड म्हणजे एकाच वेळी पाच जावांनी पाच चुलींवर मांडलेला एक स्वयंपाक.

राइसने सुचवलं ते साधं होतं. मागांचे सलग तुकडे पाडा आणि प्रत्येक तुकडा सातेक जणांच्या एका गटाकडे पूर्णपणे सोपवा. कुणी कधी काय करायचं ते गट बघेल. गंमत अशी की व्यवस्थापन याद्या करायला बसण्याआधीच कामगारांनी आपसांत कोण कुणाबरोबर ते ठरवून टाकलं. राइसने १९५८ च्या पुस्तकात दिलेले आकडे असे: कार्यक्षमता सुमारे ८० टक्क्यांवरून ९५ वर, आणि सदोष कापड ३२ टक्क्यांवरून २० वर. हे पुस्तक जगभर गाजलं. मुंबईत आमच्या खात्यात ते कुणाच्या टेबलावर मी पाहिलं नाही.

राइसचा सहकारी एरिक मिलर १९७० मध्ये पुन्हा तिथे गेला. एका शेडमध्ये गटपद्धत जवळपास जशीच्या तशी टिकली होती. इतर ठिकाणी मात्र ढासळलेली. मधल्या काळात बाजार बदलला, कापडाचे प्रकार वाढले, गिरणीवर ताण आला, आणि तो ताण वरच्या वर अडवण्याऐवजी गटांपर्यंत झिरपू दिला गेला. राइसच्या पुस्तकापेक्षा मिलरचा तो लेख मला जास्त उपयोगाचा वाटतो.

मुंबईने दुसरा रस्ता धरला. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचं उत्पादकता मिशन पन्नाशीच्या सुरुवातीला गिरण्यांत फिरून गेलं. घाटकोपरला बिट्रा ही कापड-संशोधन संस्था निघाली, १९५८ मध्ये राष्ट्रीय उत्पादकता परिषद, १९६३ मध्ये औद्योगिक अभियांत्रिकी शिकवणारी पवईची निटी. १९५७ च्या भारतीय श्रम परिषदेत ठरलं की रॅशनलायझेशन करा, पण कुणाला काढू नका आणि फायदा वाटून घ्या. आमचं खातं या सगळ्यातून जन्मलं. आमच्याकडे आता फॉर्म होते, विश्रांतीचे भत्ते होते, स्नॅप रीडिंग होतं: ठरलेल्या वेळी गल्लीतून चालत जायचं आणि किती माग उभे, कशामुळे उभे, याच्या खुणा करायच्या. या खुणा खोटं बोलत नाहीत. माझ्या तक्त्यात 'विणकर उपस्थित नाही' ही खूण फार थोडी असे. 'उभा धागा तुटला' याची रांग भरलेली.

त्या रांगेवरून मी वर एक टिपण पाठवलं: माग वाढवण्याआधी मिसळण बघा. उत्तर आलं की कापूस-खरेदी हा आपल्या खात्याचा विषय नाही. शास्त्राच्या दृष्टीने ते उत्तर हास्यास्पद होतं, गिरणीच्या दृष्टीने चोख.

माग वाढवण्याचा करार मात्र झाला. विणकरांनी दोन माग जास्त घ्यायचे, बदल्यात दर वाढवून; आणि कामगार प्रतिनिधींनी हट्ट धरून एक कलम घालून घेतलं: माग-तासाला ठरलेल्या संख्येपेक्षा जास्त धागे तुटले तर त्या दिवसापुरती मागांची संख्या कमी करायची. फॉसेट समितीपुढे उभे राहिलेल्या लोकांना हवं होतं ते जवळपास हेच. मास्तर, प्रतिनिधी आणि मी, तिघांनी मसुद्यावर सह्या केल्या. मग प्रश्न आला, तुटलेले धागे रोज, प्रत्येक पाळीला, प्रत्येक गल्लीत मोजणार कोण? आमच्या खात्यात तेवढी माणसं नव्हती. कारकून द्यायला ऑफिस तयार नव्हतं. लेबर ऑफिसरने दोन दिवस विचार करून मोजणीचं रजिस्टर जॉबरच्या हातात दिलं.

रजिस्टर वर्षभर नेमाने भरलं गेलं. आकडा बहुतेक दिवशी मर्यादेच्या एक-दोन खाली असे. ज्या आठवड्यात गिरणीत वाईट गाठी फुटत, त्या आठवड्यात तो दोन-तीनदा वर जाई, तेवढे दिवस माग कमी होत, आणि मास्तरही त्याबद्दल कुणाला काही विचारत नसे.